दोरी गेली तरी हात हवा

भाद्रपदात बारामती, इंदापूर आणि मधल्या गावांतले रस्ते संध्याकाळनंतर माणसांनी भरून जातात. लेकरं खांद्यावर, म्हातारी माणसं काठी टेकत, बायका घोळक्याने, सगळे एका मांडवातून दुसऱ्या मांडवात देखावे बघत फिरतात. या देखाव्यांचे दोन प्रकार सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. जिवंत देखाव्यात गावातलीच पोरं-पोरी वेश करून उभी राहतात आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर अभिनय करतात. हलत्या देखाव्यात फायबरच्या किंवा प्लॅस्टरच्या मूर्ती मोटारींवर हलतात.

दोन्हींपुढची गर्दी नीट बघावी. जिवंत देखावा संपेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. हलत्या देखाव्यापुढे मूर्तीचा हात वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. तिसऱ्या फेरीला माणसं पुढच्या मांडवाकडे वळतात. मुलं तेवढी मागं जाऊन मोटर कुठं बसवलीय ते शोधतात. संवाद दोन्हीकडे ध्वनिमुद्रितच असतात, दिवे आणि पडदेही सारखेच. फरक एवढाच, की एकीकडे हालचालीमागे माणसाचा विचार असतो आणि दुसरीकडे फक्त फिरणारी चकती.

हा फरक आता कमी करता येतो. काही हजार रुपयांच्या सर्व्हो मोटारी, तळहातावर मावेल असा कंट्रोलर आणि एक मेमरी कार्ड एवढ्या सामानावर बाहुल्यांचा स्वयंचलित खेळ उभा राहतो. तो कसा राहतो आणि त्यात नेमकं काय निसटतं, हे आपल्या भागाच्या संदर्भात मांडावं म्हणून हा लेख.

वायपरच्या मोटारीची कमाई

हलत्या देखाव्यांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात गाडीच्या वायपरच्या मोटारीला मानाचं पान द्यावं लागेल. भंगारात स्वस्तात मिळणारी ही १२ व्होल्टची मोटर बॅटरीवर चालते आणि आतल्या वर्म गिअरमुळे सावकाश, पण जोर लावून फिरते. तिच्या दांड्याला मध्यबिंदू सोडून एक पट्टी जोडली की फिरण्याचं रूपांतर मागे-पुढे होण्यात होतं. एवढ्या भांडवलावर कितीतरी मंडळांच्या कृष्णांनी सुदर्शनचक्र फिरवलं आणि महिषासुरांनी माना टाकल्या.

या युक्तीची मुळं फार मागे जातात. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात यंत्रविधानाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात हलणाऱ्या, नाचणाऱ्या यंत्रपुतळ्यांचं वर्णन येतं. अल्-जझारीने १२०६ साली पाण्यावर चालणारी वादकांची नाव आपल्या ग्रंथात वर्णिली. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने १७७४च्या सुमारास पूर्ण केलेला ‘लेखक’ हा यंत्रबालक सुमारे ६,००० भागांचा आहे. तो दौतीत पीस बुडवतो, झटकतो आणि चाळीस अक्षरांपर्यंतचा मजकूर लिहितो. मजकूर बदलायचा असेल तर आतल्या चकतीवरचे दात बदलायचे. आज ज्याला प्रोग्रॅम म्हणतात, तो त्याच्या पितळेत होता.

वायपरच्या मोटारीची मर्यादा इथेच लक्षात येते. ती फिरत राहते, पण हात कुठं आहे हे तिला ठाऊक नसतं. एखाद्या वाक्यावर तो अर्ध्यात थांबवायचा असेल, पुढच्या वाक्यावर पूर्ण उचलायचा असेल, तर ते तिच्याकडून नेमकेपणाने होत नाही.

तीन वायरींची मोटर

सर्व्हो मोटारीला हात कुठं आहे ते कळतं. तिच्या प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत चार गोष्टी असतात: छोटी डीसी मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची रांग, शेवटच्या दांड्याला जोडलेला पॉट आणि सर्किटची इवलीशी पट्टी. पॉट म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच भाग. दांडा फिरला की त्याचा रोध बदलतो आणि सर्किटला कोन समजतो. सांगितलेला कोन आणि असलेला कोन यांत फरक राहतो तोवर मोटर फिरते. फरक मिटला की थांबते.

बाहेर तीन वायरी येतात. लाल वायर विजेची, तपकिरी किंवा काळी ग्राउंडची आणि तिसरी हुकमाची. हुकूम म्हणजे सेकंदाला साधारण ५० वेळा, दर २० मिलिसेकंदांनी येणारा विजेचा ठोका. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर दांडा मधोमध राहतो. एक मिलिसेकंदाचा ठोका त्याला एका टोकाकडे नेतो आणि दोनचा दुसऱ्या. बाहुलीचा सारा अभिनय त्या एका मिलिसेकंदाच्या पट्ट्यात मावतो.

आर्डुइनो हा शिकाऊ लोकांसाठीचा कंट्रोलर २००५च्या सुमारास इटलीतल्या इव्हरेया गावी जन्मला आणि हे सगळं शाळकरी मुलांच्या आवाक्यात आलं. साध्या आर्डुइनो उनोवर त्याच्या तयार लायब्ररीने १२ सर्व्हो चालतात. त्याहून जास्त हव्या असतील तर पीसीए ९६८५ या चिपची पट्टी जोडतात. दोन वायरींवर हुकूम घेऊन ती १६ सर्व्हो सांभाळते. २० मिलिसेकंदांचे ४,०९६ भाग पाडत असल्यामुळे तिचा एक भाग जेमतेम ५ मायक्रोसेकंदांचा असतो. नव्वद अंशांच्या हालचालीला सुमारे दोनशे पायऱ्या मिळतात, म्हणजे पायरी अर्ध्या अंशाहूनही बारीक. मानेच्या होकाराला एवढा बारकावा पुरेसा आहे.

जोराचं गणित मात्र आधी करायला हवं. हात २०० ग्रॅमचा असेल आणि त्याचं वजन खांद्यापासून १० सेंटिमीटरवर एकवटलं असेल, तर तो आडवा धरायला २ किलो-सेंटिमीटर जोर लागतो. नऊ ग्रॅमच्या सर्वांत स्वस्त एसजी ९० मोटारीचा कमाल जोर सुमारे १.८. ती हात उचलणारच नाही. गुणगुणत राहील, तापेल आणि जळेल. धातूच्या गिअरची, ५५ ग्रॅमची एमजी ९९६ साधारण ९ ते ११ जोर देते, पण तिच्याही निम्म्या ताकदीतच काम भागवावं. हात थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याचा केला, खांद्यामागे स्प्रिंग किंवा उलट वजन लावलं, तर लहान मोटरही पुरते.

पिंगुळीची बोटं

मोटारीचं कळलं, पण बाहुली चालवण्याचं ज्ञान मोटारीसोबत येत नाही. ते आपल्याच राज्यात, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या अशा तीन कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत गावोगाव हिंडणाऱ्या या कलावंतांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने पिंगुळीत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं आहे.

कळसूत्री बाहुल्यांची मराठी परंपरा जुनी आहे. ज्ञानेश्वरीत बाहुल्यांच्या खेळाचे दाखले येतात. सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या आणि त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. पाध्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, १९१६ साली घडवलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला आजही मराठी घरांत ओळखीचा आहे. १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू हा बाहुलाही रामदास पाध्यांचाच. हे पात्र तीस वर्षांनंतरही पोरांना घाबरवतं. अशी भीती निर्माण करायला मोटारींची संख्या लागत नाही, हालचालीची जाण लागते.

दोरीवरच्या बाहुलीला लोंबकळण्याचा आधार आहे. दोरी ढिली सोडली की हात आपल्या वजनाने खाली येतो आणि शेवटी जरासा झुलतो. पावलाचा जमिनीला स्पर्श, मानेचं हेलकावणं यातलं बरंचसं काम गुरुत्वाकर्षण करतं. उरलेलं कलावंताची बोटं करतात: कुठं ओढायचं, कुठं सोडायचं आणि कुठं नुसतं धरून ठेवायचं. सर्व्होच्या दांड्यावर घट्ट बसवलेल्या हाताला असं झुलणं नाही. जे दोरीने फुकट दिलं होतं, ते आता एकेक करून लिहून द्यावं लागतं.

पडवीतला वासुदेव

इंदापूर तालुक्यातल्या एका पडवीत मी हे लिहून देणं जवळून पाहिलं. टेबलावर हातभर उंचीचा वासुदेव होता. डोक्यावर मोरपिसांची उभी टोपी, पायघोळ अंगरखा, एका हातात चिपळ्या. मान, दोन्ही खांदे आणि जबडा अशा चार ठिकाणी सर्व्हो होत्या. खांद्याच्या मोटारी खाली पेटीत बसवून सायकलच्या स्पोकने हात ओढले होते, त्यामुळे वरचा भाग हलका राहिला होता. लॅपटॉपपुढे डिप्लोमाला शिकणारा मुलगा आणि शेजारी खुर्चीवर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, ज्यांनी तरुणपणी मंडळांसाठी वायपरचे देखावे केले होते.

मुलाने बटण दाबलं. वासुदेवाचा हात ताडकन वर गेला आणि तसाच खाली आदळला. टोपी थरथरली.

“आपटतोय की रं हात,” म्हातारे म्हणाले.

“आण्णा, अँगल बरोबर हाय बघा. कोडमध्ये दिलाय तेवढाच येतोय.”

“अँगल बरोबर असंल, वाट चुकलीय. हिरीत बादली सोडल्यागत सोडतुयस तू. उतरीव की जरा दमानं.”

हे वाक्य सर्व्हो चालवणाऱ्या प्रत्येकाने टेबलापुढे लिहून लावावं. सर्व्होला नुसता शेवटचा कोन सांगितला की ती अंगात असेल नसेल तेवढ्या वेगाने तिथं जाते. साठ अंश पार करायला तिला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. माणूस असा हात हलवत नाही. मुलाने मग तोच प्रवास १.२ सेकंदांवर पसरला. दर २० मिलिसेकंदांना एक हुकूम, म्हणजे साठ पायऱ्या. पहिल्या पायऱ्या अर्ध्या अंशाहून कमी, मधल्या दीड अंशाच्या, शेवटच्या पुन्हा बारीक. गणिताच्या पुस्तकातला कोसाइनचा वक्र इथं कामाला आला. हात उचलला गेला, वर रेंगाळला आणि खाली आला तेव्हा टोपीचं एक पीसही हललं नाही.

“आता मान,” आण्णा म्हणाले. “हात उचलायच्या आधी माणूस तिकडं बघतो.”

मुलाने मानेची हालचाल हाताच्या पाव सेकंद आधी सुरू केली. एवढ्या बदलाने वासुदेव कुणाला तरी हाक मारतोय असं वाटायला लागलं. कोडमध्ये फक्त एक आकडा बदलला होता.

शेवटची अडचण थांबण्याची होती. हात वर धरून ठेवला की तो सतत बारीक कापायचा. चारही मोटारी लॅपटॉपच्या यूएसबीतून आलेल्या विजेवर चालल्या होत्या. साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो आणि एकटी एमजी ९९६ अडली तर दोन-अडीच अँपिअर ओढते. मोटारींना एसएमपीएस हा वेगळा वीजपुरवठा दिला, त्याचं आणि कंट्रोलरचं ग्राउंड एकत्र जोडलं, मोटारींजवळ हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, हुकमाच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर घेतल्या. कंप गेला. वासुदेव स्तब्ध उभा राहिला आणि त्या स्तब्धतेत तो पहिल्यांदा विचार करताना दिसला.

बाहुलीच्या खेळाबद्दल माझं ठाम मत तिथंच पक्कं झालं. मोटर हालचाल देते, पण पात्र तयार होतं ते हालचालीच्या आधीच्या आणि नंतरच्या क्षणात. ते क्षण ज्याला कळतात तो माणूस खेळाच्या केंद्रस्थानी हवा.

हात नोंदवून ठेवणे

प्रत्येक हालचाल आकड्यांत लिहायची म्हटलं तर सहा मिनिटांच्या खेळाला महिने लागतील. त्यावर चांगला उपाय आहे: कलावंताकडून खेळ करून घ्यायचा आणि तो नोंदवायचा. बाहुलीची छोटी प्रतिकृती करून तिच्या सांध्यांत पॉट बसवतात. कलावंत ती प्रतिकृती हाताने खेळवतो, कंट्रोलर सेकंदाला ५० वेळा प्रत्येक सांध्याचा कोन वाचतो आणि मेमरी कार्डावर लिहितो. नंतर तेच आकडे त्याच वेगाने मोटारींना परत दिले की मोठी बाहुली कलावंताचीच हालचाल करते, त्याच्या रेंगाळण्यासकट.

हिशेब सोपा आहे. १६ सांधे, सेकंदाला ५० नोंदी, दर नोंदीला २ बाइट. सहा मिनिटांचा अख्खा खेळ ५,७६,००० बाइटांत मावतो. मोबाइलमधल्या एका फोटोलाही सहसा याहून जास्त जागा लागते. आर्डुइनो उनोची स्वतःची मेमरी ३२ किलोबाइटच असल्याने कार्ड लागतं एवढंच. डिस्नेच्या कारागिरांनी १९६०च्या दशकात हेच केलं होतं. वॉथेल रॉजर्स हा तंत्रज्ञ अंगावर सांध्यांचा सांगाडा चढवून हालचाली करायचा आणि त्या यंत्रपुतळ्यांसाठी नोंदवल्या जायच्या. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात उभा राहून भाषण करणारा लिंकनचा पुतळा त्याच काळातला.

इथं एक प्रश्न सरळ विचारायला हवा. कलावंताचा हात एकदा नोंदवला की त्याचं काय? मंडळ दरवर्षी तेच कार्ड लावेल आणि त्याला विचारणारही नाही. म्हणून पिंगुळीच्या किंवा कुठल्याही कलावंताची हालचाल नोंदवायची असेल तर ती त्याची कलाकृती मानून मोबदला ठरवावा, दर वर्षीच्या वापराचा वेगळा, आणि मांडवाच्या दारात देणगीदारांच्या वर त्याचं नाव असावं. यंत्राने जुन्या कलेला मदत करायची असेल तर ती व्यवहारात दिसली पाहिजे.

मोरोपंतांच्या गावात ओठ

बाहुली बोलते तेव्हा सगळ्यात आधी चूक पकडली जाते ती तोंडाची. जबड्याला एकच सर्व्हो असते. ओठ, जीभ काही नाही. तरीही प्रेक्षक विश्वास ठेवतो, अट एकच, की तोंड योग्य वेळी मिटावं. ‘आ’ला जबडा पूर्ण उघडा, ‘इ’ला थोडा, आणि प, फ, ब, भ, म आले की मिटलेला. ‘पंढरपूर’ म्हणताना तोंड दोनदा मिटलं नाही तर पाच वर्षांच्या मुलालाही काहीतरी चुकल्याचं जाणवतं. शब्दभ्रमकारांची पंचाईत याच अक्षरांशी असते, कारण त्यांना ती ओठ न हलवता काढावी लागतात.

बारामतीला हा विषय नवा नाही. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने इथं राहिलेल्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली आणि त्यांतलं एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ओठांना ओठ लागणार नाही अशाच अक्षरांचं. ज्यात राम हे नाव सरळ घेता येत नाही असं रामायण! १७९४ साली पंत गेले. त्यांच्या गावातली मुलं आज बाहुलीच्या जबड्याचं वेळापत्रक करायला बसली, तर मराठीतली ओष्ठ्य अक्षरं शोधण्याचा तोच अभ्यास त्यांना करावा लागेल. भाषेचे शिक्षक आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक एका टेबलावर बसावेत असं काम याहून चांगलं मला सुचत नाही.

व्यवहारात हे असं करतात: संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे, आवाजाचा आलेख पडद्यावर उघडायचा आणि प्रत्येक ओष्ठ्य अक्षराच्या वेळेची नोंद घ्यायची. जबडा मिटायला मोटारीला थोडा वेळ लागतो, म्हणून हुकूम सेकंदाच्या विसाव्या भागाने आधी द्यायचा. ध्वनीची फाइल हेच सगळ्यांचं घड्याळ मानायचं. दिवे, पडदा, माना, हात सगळे तिच्यामागे चालतील. मोटारींना वेगळी वेळ आणि आवाजाला वेगळी ठेवली तर पाचव्या मिनिटाला बाहुली एक बोलते आणि तोंड दुसरंच हलतं.

रिंगण उभं करायचं तर

तयार मूर्ती भाड्याने आणण्यापेक्षा आपल्या मातीतला प्रसंग घ्यावा. आपल्याकडे तो दर आषाढात चालत येतो. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथं धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण. सणसर, मग बेलवडीला गोल रिंगण. पुढे निमगाव केतकी, इंदापूरचं रिंगण, सराटी आणि नीरा ओलांडून अकलूज. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. बेलवडीचं रिंगण बाहुल्यांत उभं केलं तर चूक झाल्यास सांगणारे हजार जाणकार मांडवातच भेटतील.

यात प्रत्येक मोटारीला तिच्या स्वभावाचं काम द्यावं. अश्व गोल धावतो, ती सर्व्होची हालचाल नव्हे. साधी सर्व्हो अर्ध्या वर्तुळातच फिरते. मधल्या खांबावर आडवा दांडा आणि तो फिरवायला गिअरची मोटर असावी. अश्वाचे पाय वेगळ्या मोटारीने हलवायची गरज नाही. पोटाखालच्या चाकाला कॅम बसवली की चाक जमिनीवर फिरेल तसे पाय उचलले जातील; वेग वाढला की पावलंही आपोआप जलद. मानेला मात्र सर्व्हो हवी आणि तिची वीज फिरत्या दांड्यातून न्यायला स्लिप रिंग.

मागच्या तीस टाळकऱ्यांना एकच वायपरची मोटर आणि एक लांब शाफ्ट पुरे. फक्त शाफ्टवरचे क्रँक एकाच कोनात न लावता थोडे पुढे-मागे लावावेत. सगळे हात एकाच क्षणी वर गेले तर ती कवायत दिसते. थोडे मागे-पुढे झाले की दिंडी दिसते. सर्व्हो राखून ठेवायच्या त्या पुढच्या चार पात्रांसाठी: विणेकरी, तुळस डोक्यावर घेतलेली बाई, पताका धरलेला म्हातारा, आणि सगळं डोळे विस्फारून बघणारं एक पोर. प्रत्येकी चार मोटारी, म्हणजे एका पट्टीच्या सोळा. आणि पाचवं पात्र, म्हणजे वासुदेव, जिवंत कलावंताच्या हातात द्यावं. गर्दीतल्या मुलाने हाक मारली तर उत्तर देणारं कुणीतरी त्या मांडवात हवंच.

दहा दिवस टिकायला हवं

टेबलावर चाललेलं मांडवात चालेलच असं नाही. साडेसहा ते दहा, दर दहा मिनिटांना एक खेळ धरला तर दिवसाला २१ आणि दहा दिवसांत २१० खेळ होतात. एका खेळात हात चाळीसदा उचलला तर त्या खांद्याच्या ८,४०० फेऱ्या. प्लॅस्टिकचे गिअर इतक्यात झिजतात, पॉट घासला जातो. म्हणून धातूचे गिअर वापरावेत, प्रत्येक जातीच्या दोन मोटारी शिल्लक ठेवाव्यात आणि मोटर चार स्क्रूंवर पाच मिनिटांत बदलता येईल अशी बसवावी. हाताला अडकण असेल त्याच्या पाच अंश अलीकडेच हुकमाची हद्द ठरवावी, म्हणजे मोटर अडून तापणार नाही.

विजेत काटकसर करू नये. सोळा मोठ्या मोटारी एकदम अडल्या तर ४० अँपिअर मागतात. तसं सहसा होत नाही, तरी चार-चार मोटारींचे गट करून प्रत्येकाला फ्यूज लावावा. जनरेटरवर बदल होताना कंट्रोलर बंद पडून मधूनच सुरू होतो आणि सगळे हात एकदम झटका देतात. कंट्रोलरला छोटी बॅटरी दिली की हे टळतं. भाद्रपदात पाऊस असतो, पत्र्याचा मांडव गळतो, आणि मोटारी ५-६ व्होल्टच्या असल्या तरी एसएमपीएसला येणारी वीज २३० व्होल्टचीच असते. अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय एकही मूल त्या मांडवाजवळ जाऊ देऊ नये.

हे इथंच का

कारण त्यासाठी लागणारं सगळं इथं आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने साखरेच्या यंत्रांपासून इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटर केसिंगपर्यंत कामं केली आहेत. मायक्रॉनमध्ये विचार करणारे हात तिथं पिढ्यान्‌पिढ्या घडले. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात, विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात राजीव गांधी विज्ञान केंद्र आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये हेच कंट्रोलर आणि हेच सेन्सर दिले जातात. सीएनसी यंत्राचा हात ज्या तत्त्वावर जागेवर थांबतो, त्याच तत्त्वावर वासुदेवाचा हात थांबतो. पोरं रिंगणातल्या अश्वाची मान वळवायला शिकली तर कारखान्याचं निम्मं शिक्षण तिथंच होईल.

उणीव आहे ती एकत्र बसण्याची. मंडळाकडे पैसा आणि गर्दी आहे, महाविद्यालयाकडे मुलं आणि प्रयोगशाळा, निवृत्त फिटरकडे हात, पिंगुळीकडे चारशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतरावर बाहुलीचं ज्ञान. हे चौघे एका पडवीत येत नाहीत, म्हणून मंडळ तयार मूर्ती भाड्याने आणतं आणि मुलांचे प्रकल्प गुण मिळाले की कपाटात जातात.

आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी साधारण साडेसात आठवडे मिळतात. बारामती आणि इंदापूरच्या मंडळांना माझी विनंती आहे: येत्या आषाढात बेलवडीच्या रिंगणाला महाविद्यालयाची चार मुलं आणि पिंगुळीचा एक कलावंत सोबत न्या. अश्व कसा वळतो, विणेकरी कुठं थांबतो, म्हातारीचा हात टाळावर कसा पडतो ते त्यांना बघू द्या. पहिल्या वर्षी एकच बाहुली करा, चार मोटारींची, पण ती आपली करा आणि तिच्यावर कलावंताचं नाव लावा. भाड्याच्या मूर्तींवर खर्च होणाऱ्या पैशांतला थोडासा भाग एवढ्या कामाला पुरेल.